मातीविना येळवस

सायकलच्या पंपानं पाण्यात हवा भरणारा माणूस अख्ख्या जयपुरात एकच होता, आणि तो होता लातूरकडचा कोंडिबा.

दुर्गापुऱ्याच्या पुढं, रुळाच्या अंगाला तारेचं कुंपण होतं आणि कुंपणात सिमेंटचे तीन हौद. हौदावर जाळी, जाळीवर भुसकट, भुसकटात टमाट्याची रोपं, आणि रोपांच्या मुळ्या खाली पाण्यात सोडलेल्या. माती नावाला नाही. पाण्यात खताची पूड विरघळवायची आणि तेवढ्यावर पीक काढायचं. मुळ्यांचाही दम कोंडतो, म्हणून कोंडिबा सकाळ-संध्याकाळ रबरी नळी पाण्यात सोडून पंप मारायचा. फाटकावरचा चौकीदार विडी ओढत विचारायचा, "काका, आज टायर पंक्चर तो नहीं?" कोंडिबाला हिंदी कळायची ती तेवढीच. तो हसायचा आणि पंप मारत राहायचा. दिवसभरातलं त्याचं बोलणं तिथंच संपायचं.

त्याला इथं आणलं होतं श्यामकांतरावांनी. ते त्याच्याच गावचे, हैदराबादेत शेतकी शिकून सरकारी साहेब झालेले. गावाकडं कोंडिबाच्या विहिरीनं तळ दाखवला तेव्हा साहेब म्हणाले, चल माझ्याबरोबर. बायको इंदुबाई म्हैस आणि कोरडवाहू तुकडा सांभाळत मागं राहिली. कोंडिबा अवजारांच्या छपरात एकटा निजायचा. साहेबांनी त्याला शब्द दिला होता, "उन्हाळ्याच्या आत दिल्लीचे पाहुणे येणारेत. तिन्ही हौद त्यांना पसंत पडले, की काम वाढंल आन् तुला खोली मिळंल. मग इंदुबाईला घेऊन ये."

त्या खोलीसाठी कोंडिबा हौदांना लेकरासारखा जपत होता. पावसाळ्यात झाकणाचं गोणपाट फाटलं, तेवढ्या भोकातून ऊन पाण्यावर पडलं आणि पाणी हिरवंगार झालं. शेवाळ मुळ्यांना चिकटलं. साहेबांनी तेव्हाच बजावलं, "पाण्याला ऊन दिसू द्यायचं न्हाई. घाण पडू द्यायची न्हाई. वाळकं पान पडलं तरी उचलायचं." तेव्हापासून कोंडिबा भोक दिसेल तिथं ठिगळ लावी. चौकीदारानं एकदा हौदात हात धुतले, तर हा त्याच्याशी कडाकडा भांडला, तेही मराठीत.

थंडी पडली. रोपं कमरेएवढी झाली, फुलं धरली. आणि मार्गशीर्षातली अवस आली.

लातूरकडं ही अवस म्हणजे येळवस. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळे रानात. ज्वारीचं पीठ ताकात शिजवून, लसूण-जिरं घालून आंबील करायची, बिंदग्यात, म्हणजे लहानशा मडक्यात, भरून रानात न्यायची आणि "ओलगे, ओलगे" म्हणत चारी बाजूंनी पिकाला शिंपायची. काळी आई वर्षभर जेवू घालते, एक दिवस तिला आपण घालायचं. कोंडिबा पुढं चालायचा, हातात पाल्याचा डहाळा. मागनं इंदुबाई बिंदगं घेऊन. डहाळा बुडवायला तो मागं न बघताच हात करायचा, आणि बिंदगं तिथं असायचंच.

यंदा त्यानं बाजारातून ज्वारी हुडकून आणली, ताक मिळवलं, आंबील केली. कुणाबरोबर खायची? चौकीदारानं वास घेऊन तोंड फिरवलं. कोंडिबाला फार एकटं वाटलं. मग त्याच्या मनात आलं, हेच आपलं रान, यंदा ह्यालाच जेवू घालावं. पीक चांगलं आलं तर इंदी इथं येईल. त्यानं जाळीच्या कडेनं डहाळा फिरवला. पहिल्या हौदात भरपूर, दुसऱ्यातही भरपूर. तिसऱ्यापर्यंत बिंदगं आटलं. तिथं नुसता डहाळा झाडला.

आंबील ही घाण आहे, असं त्याच्या मनालाही शिवलं नाही.

आठवड्याच्या आत पहिल्या हौदाला आंबूस वास सुटला. पाण्यावर फेस आला. दुपारी रोपं माना टाकायला लागली, पाय पाण्यात असून तहानलेली. कोंडिबा हात भरून येईस्तोवर पंप मारत राहिला, पण उपयोग झाला नाही.

श्यामकांतरावांनी एक रोप उपसलं. पांढऱ्या मुळ्यांचा पार शेंबूड झाला होता, तपकिरी आणि बुळबुळीत.

"ह्यात काय पडलं, कोंडिबा?"

"काई न्हाई, मालक."

"ऊन गेलं का आत?"

"न्हाई. एक भोक ठिवलं न्हाई म्या."

"मग?"

कोंडिबानं बराच वेळ पंपाची मूठ चोळली. "येळवस होती, मालक. आंबील शिंपली."

साहेब हौदाच्या काठावर बसले. रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांचा आवाज खाली आला.

"अरे, रानात माती असती. ती आंबील गिळती, पचवती, वर पिकाला देती. हितं गिळणारं कोण हाय? ताक-पीठ पाण्यात कुजलं आन् मुळ्यांवर चढलं."

"म्या वंगाळ करायला न्हाई केलं."

"ठावं हाय मला." साहेबांनी हातातलं रोप खाली ठेवलं. "लसूण घातला होतास?"

"व्हय."

"मला वाटी आणून द्यायचीस की रं."

कोंडिबाला हे साहेबांच्या रागापेक्षा जड गेलं.

दोन्ही हौद उपसले. रोपं खड्ड्यात गेली. हौद ब्लीचिंगच्या पुडीनं घासताना कोंडिबाच्या बोटांची सालं निघाली. तिसऱ्यातलं पाणी बदललं, आणि तो हौद तेवढा वाचला. दिल्लीचे पाहुणे आले, लालभडक टमाटे बघून खूश झाले, रिकाम्या हौदांकडं बघून गप्प झाले. जाताना म्हणाले, एकाच हौदावर आणखी एक वर्ष चालू द्या. खोलीचा विषय निघालाच नाही.

कोंडिबानं गावाकडं जाणाऱ्या माणसाबरोबर इंदुबाईला निरोप धाडला, की अजून एक साल.

पुन्हा मार्गशीर्षातली अवस आली. कोंडिबानं आंबील केली. पहिली वाटी साहेबांच्या बंगल्यावर देऊन आला. मग बिंदगं घेऊन हौदाशी आला, गोणपाट नीट झाकलंय का बघितलं, आणि कुंपणाबाहेर गेला. बाहेर नुसती रेताड जमीन आणि एक खेजडीचं झाड होतं. पण माती होती.

बिंदगं डाव्या हातात धरून तो झाडाभोवती चालायला लागला. "ओलगे, ओलगे." शिंपलेली आंबील रेतीनं क्षणात गिळली. त्याला बरं वाटलं. आवाज चढला, पाय भरभर पडायला लागले, आणि डहाळा बुडवायला त्यानं मागं न बघताच उजवा हात मागं केला.

डहाळा नुसताच वाऱ्यात हलला. मग डाव्या हातातल्या बिंदग्यात त्यानं डहाळा बुडवला आणि राहिलेली फेरी पुरी केली. संध्याकाळ व्हायला आली होती, पंप मारायचा होता.