रंगाऱ्याचा बाप्तिस्मा

"देवाकडे उशीर असा नसतोच," पाळकसाहेब म्हणाले.

"देवाकडे नसेल हो," म्हातारा रंगारी म्हणाला. "हिच्याकडे झाला ना!"

शेजारी त्याची बायको बसली होती. चर्चच्या भिंतीवर दुधासारखे ऊन सांडले होते. त्या उन्हाकडे बघत ती ओठांतल्या ओठांत गुणगुणत होती. नवऱ्याचे नाव तिला आता आठवत नव्हते.

"एकदा माझ्याशेजारी बसून प्रार्थना करा," एवढेच तिचे उभ्या आयुष्यातले मागणे. तो भिंत रंगवता रंगवता परांचीवरून हसायचा. "अगं, हातपाय चालताहेत तोवर काम करू दे. म्हातारपणी देवाशिवाय असतं काय? तेव्हा आवाज बसेपर्यंत गाईन."

"म्हातारपण जसं काही खिशातच घेऊन फिरता!" ती म्हणायची.

म्हातारपण आले, पण आधी तिच्याकडे. ती किल्ल्या विसरली, मग घरचा रस्ता, मग माणसे. गाणी तेवढी उरली. म्हणून तो तिला उपासनेला आणू लागला. गीतांच्या पुस्तकाचे पान काढून द्यायचा, ओळीवर बोट ठेवायचा, ती अडली की पुढचा शब्द आपण म्हणायचा. तिच्यासाठी म्हणता म्हणता ते शब्द त्याचेच झाले. कधी, ते त्यालाही कळले नाही. भिंतीवरचा रंग कधी सुकला, ते कुठे कळते?

रविवारी पाळकसाहेबांनी त्याच्या डोक्यावर पाणी ओतले. त्या शांततेत तिने लेकीला मोठ्याने विचारले, "कोण गं हे आजोबा?"

"आई, बाबा आहेत ते."

"छे! ते नाही येत आत. फाटकापाशी थांबतात बिचारे, माझी वाट बघत."

रंगारी येऊन बायकोशेजारी बसला. तिने परक्याला द्यावी तशी सरकून जागा दिली. शेवटचे गीत दोघांनी मिळून गायले. त्याचा आवाज मध्येच फाटला, तर तिनेच ओळ पुढे नेली.

गीत संपताच ती त्याच्या कानाशी लागली. "आता निघते हं. आमचे हे बाहेर ताटकळले असतील."

तो लेकीला खूण करून बाजूच्या दाराने बाहेर पडला आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिला.

लेकीचा हात धरून ती आली. त्याला पाहताच तिचा चेहरा उजळला.

"फार वेळ थांबलात का हो?"

"नाही गं," तो म्हणाला. "आत्ताच आलो."

त्याच्या केसांतले पाणी अजून कॉलरमध्ये उतरत होते. तिने रुमाल काढला आणि काही न विचारता त्याचे कपाळ पुसले.