आपटायचा फोन

"वन्सं, तुमच्या तोंडात माती पडो," असं म्हणून काशीनं रिसिव्हर धाडकन आपटला आणि तिला भूक लागली.

तिन्हीसांजेचा हा नेमच होता. तुळशीला दिवा लावायचा, हात जोडायचे आणि अंजनवेलला नणंदेला, सखूला, फोन लावून भांडायचं. भांडणाचं कारण एकच. सासू गेली तेव्हा बाराव्याच्या दिवशीच सखूनं 'आयेची आठवण' म्हणून वरवंटा उचलून सासरी नेला. पाटा जड, तो राहिला इकडे मंडणगडच्या डोंगरात काशीकडे. तेव्हापासून पाटा इकडे, वरवंटा खाडीपलीकडे आणि दोन्ही घरांत चटणी मिक्सरची. बाजारात दुसरा वरवंटा मिळाला नसता असं नाही. पण मग भांडायचं कशावरून?

शिव्या घातल्या तरी नणंद ती नणंद. काशी तिला 'तुमी'च म्हणायची, मान सोडायची नाही. आणि जी आधी रिसिव्हर आपटेल ती जिंकली, असा कुणी न ठरवता ठरलेला कायदा होता. आपटून आपटून त्या लाल डबड्याला तडे गेले होते. चिकटपट्ट्या लावून बिचारं तग धरून होतं.

अशात एक दिवस लाईनमन रावजी दारात उभा राहिला.

"काकी, तारेची लाईन बंद व्हतेय. शुक्रवारी शेवट. वरनं हुकूम आलाय."

"कुनाच्या वरनं? तुज्या मड्याच्या?"

"आता मोबाईल घ्या. वाडीत सगल्यांनी घेतलानी."

सून मृणालीनं लगेच आपला मोबाईल पुढे केला. काशीनं त्याच्यावर एकदा भांडून बघितलं. ऐन रंगात आल्यावर सवयीनं हात वर गेला, तशी मृणालीनं तो वरच्यावर धरला. "आई, काच फुटंल. हितं लाल दिसतंय ना, तितं बोट लावा."

काशीनं बोट लावलं. ना आवाज, ना काही.

"ह्येला भांडान म्हनायचं? ढेकूण चिरडला तरी जीवाला बरं वाटतं," ती म्हणाली आणि मोबाईल सुनेच्या पदरात टाकला. मग चुलीपुढं बसून हळूच म्हणाली, "माजी मेलीची रोज चौकशी करनारं कोन हाय दुसरं? हे गेले तवापास्नं ती सटवी तेवढी. आता ती बी बंद."

'हे' म्हणजे गंगाराम, सखूचा भाऊ. भांडणात दोघी त्याला मधे घ्यायच्या नाहीत. तेवढी लाज दोघींना होती.

शुक्रवारी मृणालीनं हौसेनं फोनला झेंडूचा हार घातला. काशीनं तो ओढून परड्यात फेकला. "मेलाय काय अजून तो?"

सांजेला तिनं नंबर फिरवला.

"वयनी, आज तुला सोडनार नाय," सखू म्हणाली.

"सोडू नका. मी काय पलून चाललंय?"

मग जे जुंपलं ते वरवंट्यापासून थेट सखूच्या लग्नात करपलेल्या भातापर्यंत गेलं. करपवला कुणी, ते काही आजही ठरलं नाही. शेवटी आपटायची वेळ आली. काशीनं हात वर नेला, आणि हात खाली येईना. आपटला की संपलंच सगळं. पलीकडेही नुसता श्वास ऐकू येत होता.

"आपट की गो," सखू म्हणाली.

"तुमी आपटा. मान तुमचा."

"आज बरा मान आठावला? इतकी वरसं..."

आणि लाईन मेली.

"वन्सं? ओ वन्सं?" काशीनं दोनदा हाक मारली. मग रिसिव्हर अगदी हलक्या हातानं ठेवला. त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी भर उन्हाची घाटी चढून एक म्हातारी धापा टाकत अंगणात आली. सखूच ती. खांद्याला पिशवी, तोंड लालबुंद.

"माजं बोलनं पुरं व्हायच्या आत फोन आपटलास? इतकी मस्ती?"

"मी नाय आपटला. लाईन मेली."

"खोटारडी. ती बरोब्बर तवाच मरते व्हय?"

"पिशवीत काय हाय?"

"वरवंटा. तुज्या टकुऱ्यात घालायला आनलाय. फेरीबोटीतनं आले, यष्ट्या बदलल्या. कंडक्टर इचारत व्हता, म्हातारे, प्रेत घेऊन चाललीस काय."

चुलीमागचा पाटा काशीनं ओढून काढला, धुतला. सुकं खोबरं, लसूण, मिरची घेतली. एकीनं वाटायचं, दुसरीनं पाणी शिंपडायचं. चार हात फिरले नाहीत तोच सखू म्हणाली, "मीठ जास्त घातलंस." काशी म्हणाली, "तुमच्या जिभेला कदी चव व्हती?" झालं. सखू ताडकन उठली.

"चालले मी."

"जावा. यष्टी उद्या सकाळी हाय."

सखूनं आपटायला काहीतरी हवं म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि वरवंटाच उचलून पाट्यावर दाणकन आपटला. चटणी उडून काशीच्या नाकावर बसली. काशीनं ती बोटानं पुसून चाखली. मीठ जास्तच होतं.

"मृणाली," ती म्हणाली, "ताटं घे गो. भूक लागलेय."

सकाळी सखूनं वरवंटा धुऊन परत पिशवीत भरला.

"ठेवा की हितंच. कशाला वझं वागवता?"

"वा गो शानी. पुढल्या म्हयन्यात मीच घेऊन येन. तवर खा मिक्सरची."

"वन्सं, तुमच्या तोंडात माती पडो," असं म्हणून काशीनं ती जड पिशवी आपल्या खांद्याला लावली आणि नणंदेला यष्टीवर बसवायला घाटी उतरू लागली.