चार मिलिमीटरचा तळ

मी एक बूट बोलतोय. डाव्या पायाचा. पण आधीच सांगून टाकतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. ज्यांच्या पायात मी इतकी वर्षं काढली, त्या राधाकिशन सरांची सवय मलाही लागली आहे. घड्याळात बघून वेळ सांगतानासुद्धा ते "बहुधा" म्हणतात. त्यामुळे मी सांगतो ते तसंच घडलं, की सरांनी मनात शंभरदा घोळवल्यामुळे मला तसं वाटतं, कोण जाणे. शेवटची गोष्ट मात्र पक्की आहे. तिचा पुरावा सरांच्या फाइलीत आहे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. शेजारच्या पट्ट्यावर ऐटदार बूट तयार होत होते. टाचेखाली जाड गादी, पुढून निमुळते. मी त्यांच्यापुढे अगदीच चपटा. माझा तळ चार मिलिमीटरचा. टाच आणि चवडा एकाच पातळीत, पुढचा भाग बदकाच्या चोचीसारखा रुंद, आणि अंग इतकं मऊ की मला चपातीसारखं गुंडाळून मुठीत धरता यावं. डोंगरवाटेवर पळणाऱ्या-चालणाऱ्या माणसाला पायाखालची जमीन कळावी, पण काटा लागू नये, एवढ्याचसाठी मला बनवलं होतं.

अशा बुटाशी चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचं काय काम? तेच सांगतो.

राधाकिशन सर अंबाजोगाईत राहतात. भूगोलात डॉक्टरेट, कॉलेजात तेहतीस वर्षं शिकवलं. त्यांचं मूळ गाव डोंगरातली एक लहानशी वाडी. सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं. निरोप समारंभ असो, बक्षीस वाटप असो, ते म्हणत, "मी सात वर्षांचा असताना, अनवाणी, एकटा, डोंगर ओलांडून धर्मापुरीच्या शाळेत जात होतो." मुलं टाळ्या वाजवत.

वाडीत आता शाळा आहे. तिथल्या सुग्रीव गुरुजींनी हे वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवायचं ठरवलं. सरांना फोन केला.

"सर, पेंटर उद्या येनारय. तुमी नुसतं हो म्हना, बाकी मी बघतो."

सर खूश झाले. मग गुरुजी हसत म्हणाले, "एक पोरगी इचारत व्हती, सर गारमाळावरून पन अनवाणी जायचे का? म्हनं आमी तिथं चपला घालून रडतो."

गारमाळ म्हणजे वाटेतला गारगोट्यांचा माळ. काचेसारख्या धारेच्या कपच्या, फर्लांगभर पसरलेल्या. सरांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. त्यांना काळी जमीन आठवली, ओढा आठवला, देवळाचं शिखर आठवलं. गारमाळ काही केल्या आठवेना.

"पेंटरला थांबवा," ते म्हणाले. "मी आधी वाट चालून बघतो."

त्या दिवसापासून सरांची झोप उडाली. भिंतीवर खोटं गेलं तर? पन्नास वर्षं आपण मुलांना थाप मारत आलो असलो तर? डोक्याला आठवत नाही, पण तळव्यांना कदाचित आठवेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. घरातले जाड बूट घालून ते डोंगराकडे जाऊन आले. "गादीवरून चालल्यासारखं वाटतं," ते बायकोला म्हणाले. "खाली काय आहे ते पत्ताच लागत नाही." खरंच अनवाणी जायची सोय नव्हती. साठ वर्षं मोज्यात राहिलेले तळवे दुधात भिजलेल्या पावासारखे झाले होते, आणि डॉक्टरांनीही मनाई केली होती.

सरांची नात आरोही पुण्याला असते, टेकड्यांवर पळते. तिनं आमच्यासारख्या बुटांबद्दल सांगितलं. दुसरा कुणी असता तर त्यानं एक जोड मागवून विषय संपवला असता. सरांनी नवी फाइल उघडली. महिनाभर वाचन, टिपणं, आकृत्या.

"आजोबा, आधी पायाचं माप घ्या," आरोही फोनवर म्हणाली. "आणि बसून नाही हं, उभं राहून. अंगाचा भार पडला की पाय पसरतो."

सरांनी वर्तमानपत्रावर उभं राहून पेन्सिल फिरवली. पाय बुटापेक्षा चांगला बोटभर रुंद निघाला, लांबीतही एक नंबर मोठा. म्हणजे इतकी वर्षं ते चुकीच्या मापाच्या बुटांत उभे राहून शिकवत होते. याचंच त्यांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

आरोहीनं चार जोड पाठवले. मग परीक्षा सुरू झाली. सर डोळे मिटून खुर्चीला धरून उभे राहत आणि त्यांच्या पत्नी वनमालाबाई बुटाखाली गुपचूप काहीतरी सरकवत.

"काय आहे?"

"फरशी."

"अहो, सुपारीवर उभे आहात तुम्ही!"

तो जोड परत गेला. दुसऱ्याला सुपारी कळली, पण त्यात सरांची करंगळी चेंगरत होती. अनवाणी वाढलेला पाय तो, बोटं पंख्यासारखी पसरलेली. तिसरा पातळ होता, ऐसपैस होता, पण खालून गुळगुळीत. गच्चीवर मुरूम टाकून बघितला, तर सर घसरून कठड्याला धडकले. मग माझी पाळी आली. माझ्या तळाला बारीक दाते आहेत.

"हं, सांगा."

सरांनी अंगाचा भार माझ्यावर टाकला. मी जीव एकवटून ती वस्तू त्यांच्या तळव्याला सांगितली.

"चिंचोका," सर म्हणाले. "बहुधा."

"बहुधा काय, चिंचोकाच आहे! पीएच.डी. सार्थकी लागली बाई," वनमालाबाई म्हणाल्या आणि माझ्या खोक्याचा पुठ्ठा फाडून पोळ्यांच्या डब्याखाली घातला. आता परतीची वाट नव्हती.

अशा बुटांत एकदम डोंगर चढायचा नसतो, पोटऱ्या धरतात. सर पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून व्हरांड्यात दहा मिनिटं चालले. मग पंधरा. मग बाहेर. तोवर डिसेंबर उजाडला.

त्या सकाळी वाडीतून निघालो. सोबत सुग्रीव गुरुजी. पहिली काळी जमीन, तुरीच्या रानाच्या कडेनं. सर डोळे मिटून चालायला लागले, हात गुरुजींच्या खांद्यावर. "आता मुरूम लागेल," ते म्हणाले, आणि लागला. "आता उतार, मग वाळू." ओढ्याची वाळू आली. पुढे पाण्यानं घासलेला सपाट खडक होता. सर थबकले. मला त्यांची बोटं वळवळताना जाणवली.

"इथं खळगा आहे. पावसाळ्यानंतर त्यात पाणी राहतं. मी त्यात पाय बुडवायचो."

गुरुजींनी वाळलेला पाला बाजूला केला. खळगा होता. एका पोराचे दोन पाय मावतील एवढाच. सरांनी मला अलगद त्या खळग्यात ठेवलं. माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा क्षण तो. बहुधा.

मग चढ चढलो आणि गारमाळ आला.

मी माझं काम चोख केलं. प्रत्येक कपची, प्रत्येक धार वर पोचवली. पण वरून ओळख येईना. सरांचा पाय परक्या घरात शिरल्यासारखा अंग चोरून पडत होता. अर्ध्या वाटेत ते दगडावर बसले.

"सुग्रीव, वाट चुकलो आपण."

"चुकनार कशी सर? दुसरी वाटच न्हाई."

"मग मी इथून कधी गेलोच नाही."

पलीकडचा उतार लागताच तळव्यांना पुन्हा सगळं ओळखीचं झालं, पार धर्मापुरीच्या देवळापर्यंत. मध्ये तेवढं एक भोक. देवळाच्या पायरीवर गुरुजींनी चहा आणून दिला. सरांनी तो हातात धरूनच गार केला.

तिथून ते तडक सिरसाळ्याला गेले, थोरल्या बहिणीकडं. केसरबाई सरांपेक्षा पाच वर्षांनी मोठ्या. लहानपणी त्या आपल्याला वेशीपर्यंत पोचवायच्या, एवढं सरांना आठवत होतं. त्या ओसरीवर तूर पाखडत बसल्या होत्या. भावाला बघून उठल्या, लंगडत पुढं आल्या. बूट असल्यामुळं माझं लक्ष आधी पायांकडं जातं. केसरबाई डावी टाच जमिनीला टेकवत नव्हत्या. ती त्यांची लहानपणापासूनची खोड, असं घरात सगळेच म्हणत.

"आगं बया, हे काय घातलंस पायात?" त्यांनी मला चिमटीत दाबून पाहिलं. "ह्याला तर काईच न्हाई खाली. पैसे दिऊन अनवाणी फिरतोस व्हय रं किसन?"

सर हसले नाहीत. "आक्का, मला गारमाळ आठवत नाही. बाकी सगळी वाट आठवते."

"आठवंल कावून? तू चालला तवा ना! तेवढा माळ मी तुला पाठकुळी घ्यायची. माझ्या केसाला धरून बसायचा, लई वढायचा."

"तू तर वेशीपर्यंत यायचीस."

"येशीपातूर? शाळेपातूर यायची मी. दिसभर लिंबाखाली बसायची, सांच्याला तुला घिऊन परत."

"आणि तुझं लग्न झाल्यावर?"

"माझ्या बस्त्याच्या दिवशीच आपल्या बापूनं तुला वहाणा घेतल्या की. आता कोन उचलनार म्हनून."

सर उठले. आत पाणी आणायला गेले, तेव्हा केसरबाईंची सून रोहिणी हळूच म्हणाली, "मामा, आईंचं लई मनावर घेऊ नका. परवा मलाच इचारलं, तुझं लगीन कधी झालं म्हनून."

झालं. सरांच्या डोक्यात तराजू डुलायला लागला. एका पारड्यात आपली भोक पडलेली आठवण, दुसऱ्यात आक्काची. कुठली धरायची? सरांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं, पुराव्याशिवाय लिहायचं नाही.

"आक्का, भिंतीवर नाव घालायचं म्हणजे काहीतरी आधार लागतो गं," ते म्हणाले.

"लिव्ह तुझं तू. माझं नाव कशाला?" केसरबाईंनी सूप पुढं ओढलं आणि डावा पाय लुगड्याखाली घेतला. मी तो पाहिला. सरांनी पाहिला नाही.

घरी आल्यावर त्यांनी गुरुजींना कळवलं, मजकूर नको.

"मंग भिंत पांढरीच ठिवायची का सर?"

"ठेवा."

त्यानंतर आम्ही खूप चाललो. अंबाजोगाईच्या आसपासचे डोंगर, दऱ्या, पायवाटा. सर भाषणात ते वाक्य पुन्हा कधी बोलले नाहीत. हळूहळू माझे दाते झिजले, करंगळीपाशी मी फाटलो. बसस्टँडवरच्या कारागिरानं मला उलटा-पालटा केला. "सर, ह्याला तळच न्हाई, शिवू कशाला?" तरी त्यानं शिवलं. मग मी झाडांना पाणी घालायच्या कामावर आलो. वनमालाबाईंनी मला तीनदा कचऱ्यात टाकलं, सरांनी तीनदा काढलं.

आता मी दाराआडच्या फळीवर असतो. माझी तक्रार नाही. तुम्ही कधी असा बूट निवडायला गेलात, तर एवढंच करा. पायाचं माप उभं राहून, भार टाकून घ्या. आणि घरात कुणी टाच टेकवत नसेल, तर तिला एकदा खाली बसवून तो पाय हातात घेऊन बघा. सरांनी बघितला नाही. त्याला पुढं आणखी पाच वर्षं गेली.

केसरबाई अंगणात घसरल्या. त्यांना अंबाजोगाईला दवाखान्यात आणलं. सर घाईत मलाच पायात अडकवून धावले. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला. घोटा शाबूत होता. पण ते बघतच राहिले.

"आजी, टाचेत हे काय आहे? दगडाची कपची दिसते. भोवती पक्की गाठ धरलीय. फार जुनी असणार, लहानपणची म्हणालात तरी मला नवल वाटणार नाही."

"असंल," केसरबाई म्हणाल्या. "गारमाळावर किसन पाठीवर हालला, माझा तोल गेला. तवा शिरली."

"आणि तू सांगितलं नाहीस?" सरांनी विचारलं. "आईला नाही, कुणालाच नाही?"

"सांगितलं असतं तर आईनं तुझी शाळा बंद केली असती की रं."

सर खाली बसले. बहिणीची डावी टाच त्यांनी दोन्ही हातांत धरली. बराच वेळ धरली. मग बाहेर येऊन सुग्रीव गुरुजींना फोन लावला. "लिहून घ्या," ते म्हणाले. "या वाटेने केसरबाई आपल्या धाकट्या भावाला पाठीवर घेऊन शाळेत नेत असे. ती स्वतः शाळेत बसली नाही."

"सर, हे पक्कं?"

"पक्कं," सर म्हणाले. "बहुधा" म्हणाले नाहीत.

एक्स-रेची फिल्म त्यांनी मागून घेतली. माझ्या निवडीच्या वेळची ती फाइल काढली, फिल्म तिच्यात घातली आणि डॉक्टरांकडून विचारून आणलेलं माप तिच्यावर आपल्या बारीक अक्षरात लिहिलं. डावी टाच. गारगोटीची कपची. लांबी चार मिलिमीटर.

माझ्या तळाची जाडी तेवढीच आहे.