एकच्या गाडीने परतणारा डबा

मित्रांनो, यंदा तुमच्यापैकी किती जण पहिल्यांदा घर सोडून कॉलेजला निघालात ते मला ठाऊक नाही. जे निघालात त्यांच्याशी मला थोडं बोलायचं आहे. मी एक जुना डबा आहे. एकावर एक बसणारी तीन पुडं, दोन्ही बाजूंना पट्टी आणि वर कडी, असा साधा स्टीलचा जेवणाचा डबा. डब्याने कॉलेजच्या गोष्टी सांगाव्यात याचं तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. पण मी पहिल्या वर्षाच्या दोघांचं जेवण रोज सोलापूरला पोचवलं आहे, आणि त्या दोघांनी घरी जे सांगितलं नाही ते मी डोळ्यांदेखत पाहिलं आहे.

मला मोहोळच्या बाजारातून चिमाबाईंनी आणलं. त्याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. घर मेंढपाळाचं, मोहोळपासून आत पंधरा किलोमीटरवर. त्यांचा मुलगा जोतिराम बारावी झाला होता आणि सोलापूरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं होतं. घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा तो पहिलाच. दुकानदाराने मशीनने माझ्या झाकणावर ‘चि. जोतिराम’ असं नाव घातलं. चिमाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “नीट घातलंय न्हवं? माजं पोरगं कालिजात जाणार हाय.”

आमच्याकडे गावातल्या पोरांचा डबा एसटीने जातो. सकाळी नऊच्या गाडीत मला कंडक्टरच्या हवाली करायचं. अकराच्या सुमाराला सोलापूरचा स्टँड येतो. तिथून पोरांनी डबा न्यायचा, जेवायचं, आणि परतीच्या गाडीत रिकामा डबा ठेवायचा. परतीच्या गाड्या दोन, एक दुपारी एकची आणि दुसरी संध्याकाळी साडेपाचची. एवढंच माझं वेळापत्रक. ते मला पाठ आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्या वेळापत्रकातच आहे.

चिमाबाई परतलेला डबा उघडून बघायच्या. भाकरीचा तुकडा नाही, चटणीचा कण नाही. मग त्या समाधानाने म्हणायच्या, “डबा चाटूनपुसून आलाय. पोरगं बरं हाय.” त्यांनी दुसरं काही कधी विचारलं नाही. वर्गात काय शिकवतात, ते कळतं का, हे विचारायचं असतं हेच त्या घराला माहीत नव्हतं. पोट भरलं म्हणजे पोरगं सुखात, हा त्यांचा हिशेब. मेंढरांच्या बाबतीत तो खरा असेलही.

खरं काय होतं ते मी सांगतो. जोतिराम गावच्या शाळेत मराठीतून शिकलेला. इथे सर इंग्रजीतून भराभरा बोलायचे. पहिले काही दिवस त्याने वही उघडली, मग नुसती धरून बसला, मग वर्गात जाणंच सोडलं. अकरा वाजता मला घ्यायचा, स्टँडवरच्या बाकावर बसायचा, घास न् घास खायचा आणि एकच्या गाडीत मला ठेवून द्यायचा. कॉलेजचं प्रॅक्टिकल साडेबाराला सुरू व्हायचं. एकला तो स्टँडवर आहे म्हणजे कॉलेजात नाही, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण घरी कुणाला प्रॅक्टिकलची वेळ माहीत होती? डबा लवकर येतो, दिवसाउजेडी घासून होतो, याचंच चिमाबाईंना कौतुक.

दिवाळीला जोतिराम घरी आला तो परत गेलाच नाही. “मेंढरांमागं माणूस न्हाय,” असं त्याने सांगितलं. सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं, पण मला कोण विचारतो.

त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं मी फळीवर पडून होतो. खालच्या पुडात मेंढ्यांच्या औषधाच्या पुड्या, मधल्यात खिळे, वरच्यात काहीच नाही. चिमाबाई गेल्या. जोतिरामाचं लग्न झालं, हौसाबाई घरात आल्या, मुलगी झाली. अंगावर धूळ बसली त्याचं मला एवढं वाटलं नाही. ज्या कामासाठी माझ्यावर नाव घातलं ते काम अर्धं राहिलं, ही गोष्ट मात्र मनात सलायची.

मग गेल्या जूनमध्ये हौसाबाईंनी मला खाली काढलं. राख लावून खसाखसा घासलं. जोतिरामाची मुलगी प्रियंका बारावीला चांगले मार्क घेऊन पास झाली होती आणि तिलाही सोलापूरला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. खोली घेऊन राहणार होती, सोबत अक्कलकोटकडची काव्या नावाची मुलगी. जोतिरामाने मला हातात घेतलं, झाकणावरचं आपलं नाव पाहिलं आणि मला खाली ठेवलं.

दीड महिना सगळं झकास चाललं. मी साडेपाचच्या गाडीने घरी यायचो, बसमध्ये चेंगरून, पण आनंदात. प्रियंका सकाळी लेक्चर करायची, अकराला मला न्यायची, खोलीवर जेवायची आणि मला पिशवीत घालून प्रॅक्टिकलला जायची.

मग एक दिवस केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला गडबड झाली. ब्युरेट म्हणजे आकडे असलेली उभी काचेची नळी. तिच्यात शून्य वर असतो आणि आकडे खाली वाढत जातात. प्रियंकाने जन्मभर मापाने दूध मोजलेलं. माप खालून वर भरतं, म्हणून तिने नळीही खालून वर वाचली. बारा पूर्णांक चारच्या जागी तिने तेरा पूर्णांक सहा सांगितलं. नंदीश सर म्हणाले, “बारावीला काय केलंत तुम्ही?” मागे दोघीतिघी फिसकन हसल्या. काव्याही हसली.

बारावीला काय केलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं. तिच्या कॉलेजात सर रीडिंग फळ्यावर लिहायचे आणि पोरं ते जर्नलमध्ये उतरवून घ्यायची. ब्युरेट तिने कधी हातात धरलीच नव्हती. हे एक वाक्य बोलली असती तर सरांनी दाखवलं असतं. पण तिला सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी एकच्या गाडीने घरी परतलो. तिसऱ्या दिवशीही एकच्याच. मला तर धडकीच भरली. तीन आठवड्यांची प्रॅक्टिकलं बुडाली. एवढी बुडाली की जर्नलवर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसता येत नाही. आता तुम्ही म्हणाल, घरी फोन होता की. होता. रोज व्हायचा. “जेवलीस?” “व्हय.” “बरं हाय का?” “बरं हाय.” फोनवर ‘बरं हाय’ म्हणायला काय लागतं, मित्रांनो?

हौसाबाई सासूचंच बोलणं बोलल्या, “डबा लौकर येतोय, बरं झालं. आन् कण न्हाय उरत, बघा की.”

जोतिराम जेवत होता. त्याचा हात ताटातच थांबला. “कुठल्या गाडीनं येतोय?”

“एकच्या.”

“कवापास्नं?”

“झालं की दोन-तीन आठवडं.”

तो ताटावरून उठला. हौसाबाईंना वाटलं, भाजी बिघडली.

दुसऱ्या दिवशी त्याने मला रोजच्यासारखं कंडक्टरकडे दिलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसून सोलापूरला आला. स्टँडवर उतरून चहाच्या गाड्याआड उभा राहिला. प्रियंका आली, मला घेतलं आणि बाकावर बसली. साडेबारा वाजून गेले तरी ती बसलेलीच. बाक नवा होता, पण जागा तीच. जोतिराम हळूच येऊन शेजारी बसला.

पोरगी दचकली, उभी राहिली. “आण्णा, आज सुट्टी हाय.”

“बस खाली. मला भूक लागलीय.” त्याने मला उघडलं, भाकरी मोडून अर्धी तिला दिली. मग तो म्हणाला, “मी बी हितंच बसत हुतो.”

“म्हंजे?”

“मेंढरांसाठी शिकणं सोडलं न्हाय मी. ती लबाडी. मला कायबी कळत न्हवतं वर्गात, आन् इचारायची लाज वाटली. चार महिनं हितं बसून भाकऱ्या खाल्ल्या. तुझ्या आज्जीला मरस्तवर सांगितलं न्हाय. तुझ्या आईलाबी न्हाय.”

प्रियंका रडायला लागली. ब्युरेटची गोष्ट, हसणाऱ्या पोरी, सगळं सांगून मोकळी झाली. त्याला ब्युरेट काय ते कळलं नाही, पण बाकीचं सगळं कळलं.

“मला घरी न्या, आण्णा.”

त्या क्षणी माझ्या पट्ट्या सैल झाल्यासारखं वाटलं. तो ‘चल’ म्हणाला असता तर माझ्यावरचं नाव कायमचं अर्धंच राहिलं असतं.

“नेतो,” जोतिराम म्हणाला. “पर आदी जाऊन त्या सरांना सांग, मला हे येत न्हाय, शिकवा. त्ये हाकलून देतील तर साडेपाचच्या गाडीनं दोघंबी जाऊ. मी हितंच हाय.”

“आता उशीर झालाय.”

“झाला की. मला तर पंचवीस वरसं झाली. तू जा.”

ती मला पिशवीत घालून गेली. लॅबच्या दारातून ती दोनदा मागे फिरली, पिशवी हलली म्हणून मला कळलं. नंदीश सर कडक माणूस. “तीन आठवडे कुठं होतीस?”

“स्टँडवर, सर. मला ब्युरेट वाचता येत नाही. बारावीला आम्ही फळ्यावरून रीडिंग उतरवलं. मला शिकवा.”

लॅबमध्ये कुणी हसलं नाही. मागून काव्याचा आवाज आला, “सर, मलापण परत एकदा दाखवा ना.” मग आणखी एक हात वर आला. सरांनी कपाळाला हात लावला आणि सगळ्यांना टेबलाभोवती बोलावलं. प्रियंकाला मात्र सूट दिली नाही. बुडालेली प्रॅक्टिकलं रोज अकरा ते साडेबारा येऊन भरून काढायची, नाहीतर सही मिळणार नाही, असं बजावलं.

संध्याकाळी स्टँडवर जोतिराम बाकावरच बसलेला होता. तिने मला त्याच्या हातात दिलं. “आण्णा, तुमी जावा. मला उद्या अकराला लॅबमध्ये जायचंय.”

पुढच्या दिवशी काव्याने स्टँडवरून मला नेऊन दिलं. प्रियंका लॅबमधून हलायलाच तयार नव्हती. घाईघाईने दोन घास खाल्ले, झाकण लावलं आणि पुन्हा नळीपाशी गेली. मी साडेपाचच्या गाडीने घरी आलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा रिकामा आलो नाही.

हौसाबाईंनी मला उघडलं आणि त्यांचा जीव खाली-वर झाला. “अगं बया, दीड भाकरी तशीच! पोरगी उपाशी राहिली वो. कायतरी झालंय तिला.”

जोतिरामाने वाकून बघितलं. आधी कुठली गाडी ते विचारलं, साडेपाचची हे कळल्यावर ती वाळलेली भाकरी उचलली आणि शेंगाच्या चटणीला लावून उभ्या उभ्या खाल्ली. त्याचे डोळे भरून आले होते.

“काय झालं न्हाय तिला,” तो म्हणाला. “आज पोरगी कालिजात हाय.” आणि मग पंचवीस वर्षांपूर्वीचं सगळं त्याने बायकोला सांगितलं. त्यानंतर हौसाबाई फोनवर ‘जेवलीस का’ एवढंच विचारत नाहीत. ‘आज काय कळलं न्हाय?’ असंही विचारतात.

जर्नलवर सही झाली, प्रियंका परीक्षेला बसली, आणि मी अजून रोज जातो-येतो.

मित्रांनो, मला वेळच्या वेळी घासा, ताक घालून उन्हात ठेवू नका, कडी जपून लावा, एवढी माझी काळजी पुरे. आणि पहिल्या वर्षाला जे येत नाही ते पहिल्याच आठवड्यात विचारा. चारचौघं हसतील, आणि त्यातल्या दोघांना तेच विचारायचं असेल. घरच्यांनाही खरं सांगा. ते डब्यावरून ओळखायला बघतात हो, आणि डबा बिचारा काय बोलणार? मी एकच्या गाडीने रिकामा येत होतो, तेव्हा सगळे खूश होते. दीड भाकरी घेऊन आलो, त्या दिवशी कुठे माझ्यावरच्या नावाचं काम पुरं झालं.