ताईसाठी वाढवलेलं बाळ

धाकटीने ताईसाठी बाळ पोटात वाढवलं, तेव्हा नातेवाइकांत एक विनोद फिरत होता: "माय मरो, मावशी जगो म्हणतात, इथे तर मावशीनेच जन्म दिला!" कायद्यातही बसत होतं. पैशांशिवाय केलेली सरोगसी चालते. आणि जन्मानंतर बाळावर धाकटीचा काडीचाही हक्क नाही. तिने हसत सही केली होती. लेकरासाठी ताईने किती दवाखान्यांचे उंबरठे झिजवले, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

आज कोर्टाने पाठवलेल्या बालसंरक्षण अधिकारी बाई घर पाहायला आल्या होत्या. त्यांनी होकार दिला की तपासणी संपली, पुन्हा कोणी बघायला येणार नव्हतं. सोफ्याच्या कडेला बसलेली धाकटी मात्र सारखी बाळाच्या खोलीच्या दाराकडे बघत होती.

काल दुपारी दुधाची बाटली घेऊन ती खोलीच्या दारात पोचली, तर भाऊजींनी रडणाऱ्या बाळाच्या नाकातोंडावर पंजा दाबून धरला होता. बाळ पाय झाडायचं थांबलं, तेव्हा कुठे त्यांनी हात काढला. "बघ, कसं गप्प झालं," ते म्हणाले.

ताईला सांगितलं, तर ती उलट हिच्यावरच उखडली. "झोप नाही गं होत त्यांची. उद्या तोंड उघडलंस तर तू मला मेलीस."

आणि हेच भाऊजी चारचौघांत किती गोड! बाईंसाठी खुर्ची काय सरकवतात, पंखा काय वाढवतात.

"तुम्हाला काही सांगायचंय?" बाईंनी धाकटीला विचारलं.

भाऊजी तिच्याकडेच बघत होते, हसत. तिने डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"खोटंय!" ताई किंचाळली. "मॅडम, हिला बाळ सोडवत नाहीये. मन फिरलंय हिचं."

अशा मन फिरलेल्या बायका बाईंनी ढिगाने पाहिल्या असणार, धाकटीला वाटलं. हिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

तेवढ्यात आत बाळ रडायला लागलं. धाकटी उठू लागली, तशी बाईंनी तिला हातानेच थांबवलं.

"बाबांनी घ्यावं त्याला. मी येतेच तुमच्याबरोबर."

"त्यात काय," भाऊजी बाह्या सरसावत उठले. "आत्ता गप्प करतो."

ते दारापर्यंत पोचलेही नव्हते. ताईने मधला टीपॉय उलथवला, त्यांना ढकलून आत शिरली आणि बाळाला छातीशी आवळून भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"नको," ती बाईंना म्हणाली. "त्यांच्याकडे नको."

बाळ रडतच होतं, आणि ती त्याला रडू देत होती.