थरथर माझी नव्हती

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. पण माझ्यावर कधी कुणाचे ताट मांडले गेले नाही. माझे काम एकच, स्थिर राहणे. माझी पाठ जाड पोलादाची आणि पायांत हवा भरलेली. कारखान्यात कारागिराने माझ्यावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि शेजारी धपाधप उड्या मारल्या. पाण्यावर तरंगही उठला नाही. "शाब्बास रे गड्या!" म्हणत त्याने माझी पाठ थोपटली.

मग मी प्रयोगशाळेत आले. माझ्यावर सूक्ष्मदर्शक बसवला आणि त्याच्यापुढे एक संशोधक बाई बसू लागल्या. जिवंत पेशीत इवलासा मणी सोडून त्या त्याच्या हालचालीची फिल्म घेत. उष्णतेने तर साध्या पाण्यातला मणीही थरथरतो. पण त्या थरथरीला दिशा नसते. फिल्म उलटी चालवली तरी फरक कळत नाही. बाईंच्या पेशीतला मणी मात्र थरथरता थरथरता एकाच बाजूने गोल फिरत होता. उलटी फिल्म लगेच ओळखू येई. पेशी आपली ऊर्जा खर्चून त्याला फिरवत होती! बाईंनी औषध घालून ती ऊर्जा तोडली, तेव्हा फिरणे थांबले. नुसती थरथर उरली.

प्रयोगशाळेचे प्रमुख सर आले. पडद्याकडे पाहून म्हणाले, "काही नाही, टेबल हलतंय."

"सर, ऊर्जा तोडलेली पेशीही ह्याच टेबलावर होती. तिच्यातला मणी का नाही फिरला मग?"

"वाद नको. असलं काम माझ्या प्रयोगशाळेतून बाहेर जाणार नाही."

मला तोंड असते तर! सरांनी बाईंच्या नोकरीची मुदत वाढवली नाही. जाताना बाईंनी माझ्यावर तळहात टेकला. "तू हललं नाहीस. माहितेय मला."

मला जिन्याखाली ढकलले. नवे टेबल आले, नव्या विद्यार्थ्याने तोच प्रयोग केला आणि मणी तसाच गोल फिरला. आता मात्र सर हरखले. ह्या शोधासाठी सभागृहात त्यांचा सत्कार झाला. नेमक्या त्याच दिवशी बाई आपला दाखला न्यायला आल्या होत्या. माझ्यावरच्या खोक्यांशेजारी पिशवी टेकवून त्या थबकल्या.

"टाळ्या ऐकल्यात?" शिपाईमामांनी विचारले. "तुमचंच काम ना ते?"

"माझं होतं तेव्हा टेबल हलत होतं, मामा."

सभागृहाचे दार बंदच राहिले. बाई पिशवी उचलून निघून गेल्या.

मित्रांनो, माझ्या पायांतली हवा केव्हाच गेली. जमले तर भरा, नाहीतर राहू द्या. पण उद्या तुम्ही त्या सभागृहात बसलात आणि बाहेर कुणी असे उभे आहे हे कळले, तर टाळ्या थांबवा. उठून दार उघडा.