पंचवीस मार्चवरची चिठ्ठी

"पंचवीस मार्चला आई जाणार. आणि आता कायमच्याच…" एवढं बोलून उल्का फोन घेऊन बाहेर गेली, दारही ओढून घेतलं. अर्धी बातमी माझ्या पोटात खुपते हो!

मी परदेशातल्या क्लोनडॉकिन गावच्या या स्वयंपाकघरातली दिनदर्शिका बोलतेय. माझा जन्म अथेन्सचा. उल्काच्या ऑफिसातल्या ग्रीक मैत्रिणीनं मला भेट म्हणून आणलं. माझ्या प्रत्येक पानावर त्या तारखेला ग्रीसमध्ये काय घडलं ते इंग्रजीत छापलंय. पण वाचतंय कोण? रोज सकाळी उल्का पान टरकावते आणि हिरव्या बिनमध्ये, म्हणजे रद्दीच्या डब्यात, टाकते. ती जिला आई म्हणते त्या तिच्या सासूबाई, शारदाताई, पुण्याहून नव्वद दिवसांसाठी आल्या. माझ्यात एकादशी सापडेना, म्हणून एका आरमारी विजयाच्या पानावर त्यांनी बॉलपेननं लिहिलं, 'साबुदाणा भिजवणे'! चिडू नको तर काय करू?

फोनवरचं ते बोलणं उल्काच्या लेकीनं, नऊ वर्षांच्या ईशानंही ऐकलं होतं. तिनं माझी पानं उचकली. पंचवीस मार्चवर चिठ्ठी होती, 'आईंचं विमान'. तिनं ती उपटून काढली.

"आजी, लुक! धिस इज युअर डे."

"मराठीत सांग गं, माझे बाई."

ईशा अडखळत सांगू लागली. ग्रीसच्या स्वातंत्र्याचा उठाव या दिवशी सुरू झाला असं मानतात. पुढे त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे याच तारखेला अथेन्समध्ये ऑलिंपिक सुरू झालं. नंतर याच तारखेला राजेशाही संपवून प्रजासत्ताक जाहीर केलं.

अख्खं पान! पहिल्यांदाच कुणी वाचलं.

"पण आजी, फायटिंग आधीच स्टार्ट झालेलं. डेट नंतर ठरवली."

"आमचंही तसंच. बॅग मी आठ दिवसांपूर्वीच भरायला घेतली."

ईशाचा चेहरा उतरला. "आर यू गोइंग फॉरेव्हर?"

तेवढ्यात उल्का आत आली. "कायमच्या कुठे गं! 'आता कायमच्याच राहा' म्हणावं तर व्हिसा नाही, असं सांगत होते मी फोनवर यामिनीला."

"पुढच्या वर्षी येईन," शारदाताई म्हणाल्या आणि गुडघा चोळत राहिल्या. "याला विचारून सांगते."

उल्का, तुला हात जोडते. ते एक पान तरी बिनमध्ये टाकू नकोस, आईंच्या बॅगेत ठेव. बातमी निम्मीच खरी निघाली. पण खरी निघाली ती नेमकी जाण्याची.